मनगटावरची चिंधी

बायकांच्या मेळाव्यात आपल्या धंद्याची गोष्ट सांगायला मला अधूनमधून बोलावतात. मी जाते. हार घालून घेते, चहा घेते आणि सूत, रंग, गिऱ्हाईक यांवर अर्धा तास बोलते. ‘हिंमत धरा, भ्यायचं काही कारण नाही,’ असं मीही चारचौघींसारखं ठोकून देते आणि टाळ्या घेते. मनातून मात्र मला ठाऊक असतं, की धंद्यात मी सगळ्यात आधी काही शिकले असेन तर भ्यायला शिकले. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या चुकीमुळे आमची भट्टी कायमची विझायची वेळ आली होती.

एकोणीसशे तीसच्या आसपासचा तो काळ. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते. आमच्याकडे माग नव्हता, रंगाची भट्टी होती. घरातली बोली तेलुगू, म्हणून आई ती अम्मा आणि वडील ते नायना. मराठी मी शाळेत शिकले. अम्मा मात्र दारावर येणाऱ्या बायकांकडून शिकली, त्यामुळे तिच्या मराठीत गावातल्या सगळ्या पेठा नांदत असत.

नायना सुताला रंग देत. लुगड्यांचे व्यापारी सुताच्या लडी आणि हव्या त्या रंगाची एक चिंधी घेऊन येत. त्या चिंधीला जुळेल असा रंग सुतावर चढवायचा, हे नायनांचं काम. सुतात एकदा मुरलेला रंग परत काढता येत नाही. म्हणून रीत अशी होती, की ज्याचं सूत त्यानं भट्टीपाशी येऊन बसायचं आणि लडी हंड्यातून निघेपर्यंत उठायचं नाही. त्यासाठी भट्टीसमोर एक लाकडी बाक होता. त्या बाकावर बसून गेलेला प्रत्येक माणूस पेठेत जाऊन एकच सांगे, नजर असावी तर या रंगाऱ्यासारखी.

आणि ती नजरच गेली होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. नायनांना माणूस दिसे, हंड्याचा काठ दिसे, बाकावर कोण बसलंय तेही कळे. पण डाळिंबी कुठला आणि तपकिरी कुठला, हे कळेनासं झालं होतं. गल्लीतल्या एका विणकरानं डोळा कापून घेतला होता आणि होती तेवढीही नजर घालवून बसला होता. ते पाहून नायना त्या वाटेला जायला तयार नव्हते. भट्टीच्या धुरात सगळेच डोळे बारीक करून बघतात, त्यामुळे कुणाला संशय आला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रंग जुळवत होती अम्मा. अंगणातल्या हौदावर, भट्टीपासून सात-आठ हातांवर, ती रंगलेल्या लडी धूत बसे. धुण्यापिळण्याचं काम बायकांचंच, त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. नायना एक लड बांबूवर घेऊन हंड्याबाहेर काढत, पिळत, उजेडात धरत आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिल्यासारखं करत. तेवढ्यात अम्मा हातातलं सूत झटकता झटकता मनगटाला हिसका देई. बांगड्या एकदा वाजल्या की नायना आणखी रंग ओतत. दोनदा वाजल्या की लडी बाहेर. बाकावरच्या माणसाच्या कानी पडे ते नुसतं बाईमाणसाच्या बांगड्यांचं किणकिणणं, आणि त्याकडे कोण लक्ष देतो?

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. ओलं सूत नेहमी गडद दिसतं आणि वाळलं की उजळतं. ‘ओला रंग खोटं बोलतो,’ असं अम्मा म्हणे. समोर ओलं सूत बघायचं आणि मनात वाळलेलं आणायचं, आणि तेही मान खाली घालून, आपण बघतच नाही असं दाखवत. मी पुढे तीस वर्षं तेच काम केलं, पण मान वर करून. तिच्यासारखं मला जमलं नसतं.

हौदावर अम्माबरोबर गल्लीतल्या आणखी चार-पाच बायका असत. त्यांच्याही हातात बांगड्या होत्याच. म्हणून अम्मानं नियम घातला होता, की सुताला हात लावण्याआधी प्रत्येकीनं बांगड्यांवर चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारायची. काचेत सूत अडकतं आणि तुटतं, असं ती सांगे. ते खोटंही नव्हतं. तिच्या स्वतःच्या हातावर चिंधी का नाही, असं कुणी विचारत नसे. मालकीणबाई म्हणून सोडून देत असाव्यात. खरं कारण घरात तिघांनाच माहीत होतं, त्यातली तिसरी मी.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी मण्यारीण आली. ‘ढीला छोड बेटी, रो मत,’ म्हणत तिनं माझ्या हातांची हाडं दाबून दाबून दोन्ही हातांत सहा-सहा बांगड्या चढवल्या. हिरव्यागार, सोनेरी ठिपक्यांच्या. तोवर माझ्या हातात पितळेची एकेक कडी होती. मी दोन दिवस हात पुढे करूनच गल्लीभर हिंडले. जेवतानाही बांगड्या वाजतील असा घास घ्यायचे.

संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी पेठेतला एक मोठा व्यापारी सूत घेऊन आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आहेराची लुगडी डाळिंबी रंगाची विणून घ्यायची होती. नुसता हाच माणूस नाही, त्याच्या मागोमाग त्याचं बघून चालणारे पाच-सहा व्यापारी होते. हा खूश तर वर्षभर भट्टी पेटती राहणार. अम्मानं सकाळीच देवापुढे दिवा लावला होता.

मी हौदावर जाऊन बसले. अम्मा म्हणाली, “चिंधी बांध.” मी “बांधते” म्हटलं आणि बांधली नाही. त्या बांगड्या झाकणं माझ्या जिवावर आलं होतं. दोन्ही हात परकरात खुपसून मी बसून राहिले. हातच हलवला नाही तर कशाला वाजतायत, असा माझा हिशेब.

लड बाहेर आली. पिळून नायनांनी ती उजेडात धरली. अम्मानं ओझरतं पाहिलं आणि मनगट झटकलं. दोनदा. म्हणजे झालं, काढा. त्याच क्षणी धुराचा लोट माझ्या तोंडावर आला. डोळे झोंबले, आणि मी परकरातून हात काढून डोळे चोळले. बांगड्या वाजल्या. एकदा.

नायनांचा हात हवेतच थांबला. आधी दोन, मग एक. याचा अर्थ काय? आजवर असं कधी झालं नव्हतं. बाकावर व्यापारी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्यांच्याकडे बघत होता. विचारायची सोय नाही, वळून पाहायची सोय नाही. नायनांनी रंगाचं ओगराळं उचललं. अम्मा अर्धवट उठली. तिचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून आवाज निघाला नाही. नायनांनी रंग ओतला. अम्मानं दोनदा मनगट झटकलं, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. तोवर सुतानं सगळा रंग पिऊन घेतला होता.

ओल्या सुतात व्यापाऱ्याला काही कळलं नाही. दुपारी लडी वाळल्या तेव्हा त्यानं चिंधी लावून पाहिली आणि तो उभाच राहिला.

“ह्याला डाळिंबी म्हणायचं व्हय? हे तर वाळकं जांभूळ झालं की! रंगारी, तुमची नजर कुटं गेली?”

मला वाटलं, संपलं. मग नायना जे बोलले ते मी आयुष्यात विसरले नाही.

“माझा रंग बरोबर होता, शेठ. बायकांनी धुताना घोटाळा केला. हौदाचं पाणी बदललं नाही.”

व्यापाऱ्यानं अम्माकडे पाहिलं. अम्मानं पदर सारखा केला आणि खाली मान घालून म्हणाली, “व्हय. माझ्या हातनं झालं.”

“शुक्रवारी उरलेलं सूत आणतो,” व्यापारी म्हणाला. “ते बिघडलं, तर ह्या दारात पुन्हा पाऊल टाकायचा न्हाय. माझ्याबरोबरचे पण न्हाय.”

तो गेल्यावर आमच्या घरात भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. झालं नाही. अम्मा एवढंच म्हणाली, “मी दोनदा वाजवलं होतं.” नायना म्हणाले, “त्यानंतर एकदा वाजलं. मी ऐकलं.” अम्मा म्हणाली, “नाही वाजलं.” दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही एकमेकांकडे घाबरून बघत होते. नायना रागानं बाहेर निघून गेल्यावर अम्मा चुलीपुढे बसली आणि स्वतःशीच पुटपुटली, “डोळे गेले. आता कानही चालले.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी उठताना ठरवायचे, की आज सांगायचं. अम्मा समोर आली की जीभ टाळ्याला चिकटायची. मला माराची भीती नव्हती, मार मी पुष्कळ खाल्ला होता. मला भीती वाटत होती ती अम्मा माझ्या हातांकडे कशी बघेल याची. मी बांगड्यांवर चिंधी बांधूनच घरात वावरायला लागले. झोपतानाही सोडत नव्हते. अम्माला त्यातही काही दिसलं नाही. ती आता फक्त नायनांच्या कानांकडे बघत होती. त्यांच्या पाठीमागे हळूच भांडं आपटायची आणि ते वळतात का बघायची. ते वळायचे. तरी तिचा विश्वास बसेना. बुधवारी सकाळी ती त्यांना म्हणाली, “शुक्रवारचं सूत घेऊ नका. भट्टी बंद करू. मी विड्या वळीन.” नायना भट्टीतली राख काढायला निघून गेले.

त्याच बुधवारी दुपारी पेठेतल्या वकिलीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. या बाई शिकलेल्या होत्या, हौशी होत्या आणि थोड्या हट्टीही होत्या. यंदा वाण म्हणून वस्तू द्यायची नाही, धंदा करणाऱ्या बायकांनी आपापली गोष्ट सांगायची आणि तेच बाकीच्यांनी वाण म्हणून घरी न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हौदावर पाच बायकांना काम देणारी म्हणून अम्माचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. अम्मा जायला तयार नव्हती. नायना म्हणाले, “गेली नाहीस तर लोक म्हणतील, तोंड लपवून बसली.” म्हणून ती गेली, आणि मराठीत अडलं तर सांगायला मला बरोबर घेतलं.

ओसरीवर पंचवीस-तीस बायका होत्या. पहिल्या ओळीत गादीवर कोण बसलं होतं? त्या व्यापाऱ्याची बायको. अम्मानं तिला पाहिलं आणि माझा खांदा इतका घट्ट धरला, की मला तिची नखं लागली.

आधी गिरणीच्या रस्त्यावर खाणावळ चालवणारी बाई बोलली. नवऱ्यानं टाकल्यावर चार माणसांचा स्वयंपाक करत करत साठ माणसांवर कशी गेली, ते तिनं सांगितलं. “पयल्या दिवशी आमटी करपली. गिरणीतली मानसं, खाल्ली बिचाऱ्यांनी. मी रडत व्हते, ती जेवत व्हती,” असं ती म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. मग अक्कलकोटकडची एक बाई बोलली. ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दुकानांत पाठवायची. तिचं बोलणं निम्मं कानडी होतं, पण हाताच्या खुणांवरून भाकरी किती पातळ ते सगळ्यांना समजलं. दोघींनाही टाळ्या मिळाल्या. वकिलीणबाई खुशीत होत्या.

मग त्या म्हणाल्या, “आता रंगारीणबाई.”

अम्मा उभी राहिली. “माझी काय गोष्ट न्हाय,” ती म्हणाली. “रंग त्यांचा. नजर त्यांची. मी धुते. बायका हायेत, त्यापण धुतात. पानी स्वच्छ पायजे. एवढंच.”

आणि ती बसायला लागली. तेवढ्यात पहिल्या ओळीतून आवाज आला.

“आमचं सूत काळं कशानं झालं, ते बी सांगा की.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. वकिलीणबाई “अहो, ते राहू द्या,” म्हणाल्या, पण व्यापाऱ्याच्या बायकोनं मान हलवली. “न्हाय, सांगू द्या. माझ्या लेकीच्या लग्नातलं सूत हाय ते. धंदा म्हटला की खोट पण सांगायला पायजे. ह्या खाणावळवालीनं सांगितली न्हाय का?”

अम्मा अर्धी बसलेली पुन्हा उभी राहिली. तिच्या हातांना मनगटापर्यंत डाळिंबी रंग होता, धुऊन न जाणारा. ते हात तिनं पदराखाली घेतले. “माझ्या हातनं झालं,” ती म्हणाली. “पानी बदललं न्हाय.”

ते खोटं ती दुसऱ्यांदा बोलत होती, आणि या वेळी तीस बायकांसमोर. मी कधी उठले ते मला कळलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात, तसं झालं.

“अम्मानं नाही केलं! माझ्या बांगड्या वाजल्या म्हणून झालं. मी चिंधी बांधली नव्हती.”

व्यापाऱ्याच्या बायकोनं माझ्याकडे आणि मग अम्माकडे पाहिलं.

“बांगड्यांचा आन रंगाचा काय संबंध गं?”

तेव्हा मला कळलं, मी काय बोलून बसले ते. मारे खरं बोलायला गेले आणि घर उघडं करून बसले. मी अम्माकडे पाहिलं. वाटलं, ही आता काहीतरी बोलून झाकेल. पोरगी खुळी आहे म्हणेल. तसं तिनं म्हटलं असतं तर मी जन्मभर खुळी व्हायला तयार होते.

अम्मा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझी दोन्ही मनगटं पकडली. त्यांवर मी चार दिवस बांधून ठेवलेल्या चिंध्या तिनं पहिल्यांदा पाहिल्या.

“तू वाजवलंस? मी दोनदा वाजवल्यावर?”

“हो.”

“एकदा?”

“हो.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसत होती. ती आधी तेलुगूत बोलली, मग समोरच्या बायकांकडे वळून मराठीत, मोठ्यानं, जणू त्या तिच्याच बहिणी होत्या. “त्यांचे कान चांगले हायेत! बरोबर ऐकलं त्यांनी! कान चांगले हायेत की हो!”

मग झाकायला काही उरलंच नाही. अम्मानं सगळं सांगितलं. मोतीबिंदू, हौद, बाक, ओल्या रंगाचं खोटं बोलणं. मराठी अडलं तिथे मी शब्द पुरवले, आणि थोड्या वेळानं तिला माझी गरजही राहिली नाही. एकदा कसं आणि दोनदा कसं, हे दाखवायला तिनं हात वर करून मनगट झटकलं. त्या ओसरीवर त्या वेळी दुसरी एकही बांगडी वाजत नव्हती. बायकांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते.

सांगून झाल्यावर ती भानावर आली. तिचा चेहरा उतरला. व्यापाऱ्याची बायको गादीवरून उठली, तबकाकडे गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन अम्मासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ही आता तो करंडा फेकून मारते.

तिनं अम्माच्या कपाळाला कुंकू लावलं. “परवा सूत येतंय,” ती म्हणाली. “पोरीच्या हाताला चिंधी नीट बांधा.”

एवढंच बोलून ती आपल्या जागी जाऊन बसली. मागून खाणावळवाली म्हणाली, “हितलं हितंच ऱ्हाऊ द्या, बायांनो.” कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. वकिलीणबाईंनी घाईघाईनं तिळगूळ वाटला.

घरी आल्यावर अम्मानं नायनांना माझ्या बांगड्यांचं सांगितलं. ओसरीवर काय झालं ते मात्र सांगितलं नाही, आणि मलाही नजरेनंच बजावलं. नायनांनी मला जवळ बोलावून चिंध्या सोडायला लावल्या. “वाजव,” म्हणाले. मी वाजवलं. “आता तू,” ते अम्माला म्हणाले. तिनं वाजवलं. दोन्ही वेळा त्यांनी मान कलती करून ऐकलं. मग म्हणाले, “हिच्या पातळ वाजतात. त्या दिवशीच मला वेगळं वाटलं होतं. पण तुला विचारण्याऐवजी मी तुझ्यावरच ढकललं.” अम्मा म्हणाली, “जेवायला बसा.” माझ्या मनगटांवरच्या चिंध्या त्यांनी स्वतः पुन्हा बांधल्या, चाचपडत, दोन-दोन गाठी मारून.

गुरुवार कसा गेला ते मला आठवत नाही. तीस बायका, तीस घरं, तीस नवरे. एकीनं जरी जेवण वाढताना विषय काढला असेल तर? अम्मा दाराच्या प्रत्येक चाहुलीला दचकत होती. शुक्रवारी व्यापारी आला, बाकावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून नायनांकडे बघायला लागला. एकदा तो मागे वळून हौदाकडे बघत खाकरला, तेव्हा अम्माच्या हातातून लड सुटून पाण्यात पडली. पण तो तंबाखू थुंकायला वळला होता. बांगड्या एकदा वाजल्या, थोड्या वेळानं आणखी एकदा, आणि मग दोनदा. दुपारी त्यानं वाळल्या सुताला चिंधी लावली आणि चिंधी कुठली, सूत कुठलं, ते त्याला शोधावं लागलं.

“ह्याला म्हणतात नजर!” तो नायनांना म्हणाला.

तीस बायकांपैकी एकीनंही कधी कुणाला सांगितलं नाही. मला हे इतकं खात्रीनं ठाऊक आहे, कारण नायना गेले तोपर्यंत पेठेत त्यांच्या नजरेचं कौतुकच चालू होतं. त्या बायकांचं मला आजही नवल वाटतं. आणि खरं सांगते, रागही येतो. गोष्ट फुटली नाही म्हणून भट्टी वाचली, आणि गोष्ट फुटली नाही म्हणूनच नायना असेपर्यंत अम्माला रंगारी कुणी म्हटलं नाही.

नायना गेले ते चार-पाच वर्षांनी, हिवाळ्यात, छातीच्या दुखण्यानं. माझं तेव्हा गल्लीतच लग्न झालं होतं. दहाव्या दिवशी जाणत्या बायका अम्माच्या बांगड्या फोडायला बसल्या. व्यापाऱ्याची बायको आली होती. एका म्हातारीनं दगड उचलला तशी ती पुढे झाली आणि म्हणाली, “थांबा. माझ्याकडं द्या तिचे हात.” तिनं अम्माच्या हातांना तेल लावलं आणि एकेक बांगडी न फोडता, आख्खी, ओढून काढली. त्याला फार वेळ लागला. म्हातारी कुरकुरली, असं करत नाहीत म्हणाली. “लई काम केलंय ह्यांनी,” व्यापाऱ्याची बायको म्हणाली, आणि कशाबद्दल बोलतेय ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभरानं व्यापारी आला तो आमच्याकडे पडून राहिलेलं सूत परत न्यायला. “आता नजर कुटली आणायची, बाई?” तो हळहळून म्हणाला. “धुण्यापिळण्याचं काम देत जाईन, काळजी करू नका.”

अम्मा म्हणाली, “एक खेप बघून जा. बसा.”

तो बसला, मान राखायचा म्हणून. माझा नवरा बांबू धरायला उभा राहिला. हौदावर मी बसले, मनगटावर चिंधी बांधून. अम्मा पहिल्यांदाच हंड्यासमोर, नायनांच्या जागेवर उभी होती. लड वर आली, पिळली गेली, उजेडात आली. अम्मानं बघितलं आणि सवयीनं उजवं मनगट झटकलं. दोनदा. काहीच वाजलं नाही. माझा नवरा तसाच बांबू धरून थांबला. बाकीचं सूत हंड्यात रंग पीत होतं. अम्मा आपल्या मोकळ्या हाताकडे बघत होती. माझा जीव खालीवर झाला, की ही आता त्या दिवसासारखं तोंड उघडेल आणि आवाज फुटणार नाही.

“काढा,” अम्मा मोठ्यानं म्हणाली.

लडी बाहेर आल्या. दुपारी व्यापाऱ्यानं चिंधी लावून पाहिली, उलटी करून पुन्हा लावली, अम्माकडे पाहिलं आणि सूत न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात व्यापाऱ्याची बैलगाडी उभी राहिली, सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेली. गाडीवान नवा होता, त्याला आमचं घर ठाऊक नव्हतं. त्यानं उंबऱ्यातूनच हाक मारली, “रंगारी कुटं हायेत?”

अम्मा हौदावरून उठली आणि ओले हात पदराला पुसत पुढे गेली.

“हितं,” ती म्हणाली. “मीच.”